जेवणाआधी वीस मिनिटं

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज गाडी थांबवावी लागली. लव्हाळा फाट्यावर. अकरा मिनिटं!

सव्वासहाची चिखली–साखरखेर्डा. गाडी भरलेली. कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅन, अर्ध्या तिकिटाच्या बाया. चिखली सोडून अर्धा तास झाला नाही तोच मुरडा आला. तिकिटं फाडता फाडता – म्हणजे मशीनवर काढता काढता – दात आवळून उभी राहिले. दांडीला धरून आकडे मोजले. मग एकदाच घंटी मारली.

भगवंतरावांनी आरशात बघितलं, काही न विचारता गाडी कडेला घेतली. सहा वर्षं झाली या ड्रायव्हरबरोबर. त्यांना आता माझ्या घंटीवरून कळतं.

फाट्यावरच्या चहावालीनं घरामागचं दार उघडलं, हातात डबा दिला. परत आले तर भगवंतराव खाली उतरून टायरवर हातोडी मारत होते. "हवा पाहून राह्यलो," सगळ्यांना सांगत होते. अकरा मिनिटं हवा बघितली बिचाऱ्यांनी.

तरी मागून आवाज आलाच – "बाया ठेवल्या की असंच होते." बोलणारी बाईच होती.

मी तिचं तिकीट काढलं आणि पुढे गेले.

७ जानेवारी

दुपारी दोनपर्यंत काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा दोनच घोट. गाडी वेळेवर.

९ जानेवारी, गुरुवार

चार वर्षं झाली. आधी टायफॉईड झाला. तो बरा झाला, पण पोट तेव्हापासून माझं राहिलंच नाही. कधी चार-पाच वेळा पळायचं, कधी दोन दिवस काहीच नाही. फुगलेलं पोट, मुरडा, गेलं की तेवढ्यापुरतं बरं.

औषधं किती झाली ते आज आठवत बसले. पहिल्या डॉक्टरांनी अमीबा सांगितला – पाच दिवसांच्या गोळ्या, तीनदा. तोंड महिनाभर कडू. दुसऱ्यांनी एक हिरवी-पिवळी कॅप्सूल दिली, तिनं बरं वाटायचं, पण गाडीत उभ्या उभ्या झोप यायची. ती अजून अधूनमधून घेते. एका नात्यातल्या माणसानं काढा दिला, तो प्यायले त्या दिवशी दुप्पट पळाले. आणि सगळ्यात जवळची ती थांबवायची गोळी. पाकिटावर लोपेरामाइड लिहिलंय. ड्युटीला निघायच्या आधी एक. जास्तच वाटलं तर दोन.

आज ती आणायला मलिहाच्या मेडिकलवर गेले. स्टँडसमोरचं दुकान, ही पोरगी फार्मसी शिकलेली, उंद्रीहून रोज येते. तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं, पण हात काढला नाही.

"ताई, डिसेंबरपासून हे सहावं पाकीट. घरात अजून कोणी घेते का?"

"नाही ग. मीच."

"मंग तं लयच झालं. हे रोज खायचं औषध नोहे. बुलढाण्याले एक पोटाच्या डॉक्टर मॅडम हायेत. जाऊन या ना एकदा. मी नंबर देते."

नंबर घेतला. जाईन म्हटलं. असं मी खूपदा म्हणते.

घरी सासूबाईंनी – केसरबाई, मी आईच म्हणते – पिशवीत डोकावून बघितलं. "अजून गोळ्या? आमच्या वक्ताले पोट दुखलं तं ओवा चावत होतो. ही नवीन नाटकं." मी गोळ्या कपाटात ठेवल्या. बोलायला पण ताकद लागते.

१२ जानेवारी, रविवार

जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाला जादा गाड्या, त्यातल्या एकीवर मी आणि भगवंतराव. पायरीपर्यंत माणूस. भगवे फेटे, घोषणा, पोरी नऊवारीत. अशा गाडीत मुरडा आला तर उतरायलासुद्धा जागा नाही!

म्हणून निघायच्या आधी दोन गोळ्या, पोहोचल्यावर अजून एक. पोट गप्प बसलं. दिवसभर कुठेच जावं लागलं नाही. पण परत येताना पोट दगडासारखं. वाकून तिकीट काढता येईना.

भगवंतराव म्हणाले, "बाई, चेहरा पांढरा पडला तुमचा. बसा थोडं, मी हळू घेतो."

बसायला जागा कुठे होती!

१५ जानेवारी, बुधवार

चौथा दिवस. काहीच नाही. इसबगोल घेतलं. आता उलटी काळजी – सुटलं तर?

स्वतःच्या पोटाचा पहारा करायचा कंटाळा आलाय. खरंच.

१८ जानेवारी, शनिवार

गेले शेवटी. बुलढाण्याला. प्रसेनजितनं दुकान बंद ठेवून मोटारसायकलवर नेलं. (नवऱ्याचं नाव समोर घेत नाही, इथे लिहायला काय जातं.) त्यांचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे, शेतकऱ्यांचे जळालेले पंप येतात, हंगामाचे दिवस. तरी आले.

मॅडम माझ्याच वयाच्या असतील. घाई नाही. आधी सगळं बोलू दिलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी मला मध्येच तोडलं नाही. मग एकेक प्रश्न विचारला, बोटांवर मोजत –

संडासातून रक्त पडतं का? नाही.
वजन आपोआप उतरलं का? नाही.
झोपेतून उठून जावं लागतं का? नाही, झोपेत पोट शहाणं असतं माझं.
ताप? नाही. घरात आईवडिलांना आतड्याचा काही मोठा आजार? नाही.
"आणि तुमचं बत्तीसाव्या वर्षी सुरू झालं. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालं असतं तर मी वेगळा विचार केला असता."

मग म्हणाल्या, "तुमच्या आतड्याला जखम नाही, पण ते हळवं झालंय. टायफॉईडनंतर होतं असं कधी कधी. आतडं आणि मेंदू यांच्यातली तार जरा जास्त वाजते. याला आयबीएस म्हणतात. याने जीव जात नाही. पण जीव मेटाकुटीला येतो, ते मला माहीत आहे."

तिथेच रडू आलं. याला नाव आहे! प्रसेनजित भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघत बसले.

रक्त तपासायला दिलंय – गव्हाचं काही चालत नाही का, थायरॉईड, रक्त कमी आहे का. औषध असं: मुरड्याची गोळी, मेबेव्हेरिन, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी वीस मिनिटं. इसबगोल रोज थोडं, भरपूर पाण्याबरोबर. थांबवायची गोळी फक्त गरजेला, एकच, रोज नाही. हिरवी-पिवळी कॅप्सूल हळूहळू बंद, तिच्यात सवय लावणारं औषध आहे म्हणे. दूध पंधरा दिवस बंद करून बघायचं. आणि रोज काय खाल्लं, काय झालं ते लिहायचं.

लिहायचं तर मी आधीच लिहिते. ते नाही सांगितलं.

२० जानेवारी, सोमवार

सगळे रिपोर्ट चांगले.

आई म्हणाल्या, "समदं बरोबर हाय तं मंग दुखते काऊन?"

टोमणाच होता. पण प्रश्न मलाही पडलाय.

२३ जानेवारी, गुरुवार

जेवणाआधी वीस मिनिटं! मॅडमनी कधी एसटीत नोकरी केली नाही.

साखरखेर्ड्याला गाडी पोहोचते, परत फिरायला पंचवीस मिनिटं मिळतात. त्यात नोंद, चहा, पाणी. गोळी कधी घेऊ आणि वीस मिनिटं कुठून आणू? आज गाव यायच्या आधीच्या फाट्यावर गोळी तोंडात टाकली आणि गिळणार तेवढ्यात एक आजोबा – "कंडक्टरबाई, सुट्टे द्या." गालात गोळी ठेवून सुट्टे दिले. कडू!

आता भगवंतरावांनीच ठरवलंय. तो फाटा आला की ते दोनदा हॉर्न देतात. माणसं समजतात समोर म्हैस आहे.

२९ जानेवारी

मुरडा कमी. पळणं तेवढंच. दूध बंद केल्यानं पोट थोडं हलकं. काळ्या चहाची चव म्हणजे भिजलेला पुठ्ठा.

पोरीचा, महामायाचा, वसतिगृहातून फोन. दहावीची परीक्षा जवळ आली. "आई, पोट कसं आहे?" तिलाही आता हेच विचारायची सवय झाली. त्याचं वाईट वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमकडे दुसरी खेप. म्हणाल्या, मुरडा कमी झाला, चांगलं. आता ती तार थोडी ढिली करू. चौदा दिवसांचा एक अँटिबायोटिकचा कोर्सही असतो, तो लागला तर पुढे बघू. आधी रात्रीची एक छोटी गोळी. ॲमिट्रिप्टिलिन, दहाची. "लगेच फरक दिसणार नाही. चार-सहा आठवडे द्या. तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल. आधी सांगून ठेवते, नाहीतर चार दिवसांत सोडाल."

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रसेनजितनं गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं. झालं!

"हे तं डिप्रेशनची गोळी हाय."

"मॅडम म्हणाल्या, कमी डोस –"

"तुले काय दुःख हाय माह्या घरात?"

काय सांगू? मला दुःख नाही हो, मला संडासला लागते. एवढं साधं वाक्य, पण तोंडातून निघालं नाही. आई चुलीपाशी होत्या, ऐकत होत्या. त्या गप्प बसल्या याचंच नवल वाटलं.

संध्याकाळी मलिहाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिनं समजावलं – "भाऊ, मोठ्या डोसची ती मनासाठी. दहाची ही आतड्याच्या नसेसाठी. एकच औषध, दोन कामं. तुम्ही तांब्याच्या तारेनं पंख्याची पण मोटार भरता, पंपाची पण, हाव ना?"

तारेचं म्हटल्यावर पटलं माणसाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

तोंडात वाळू. डोळे मिटतात. आज साखरखेर्ड्याच्या माणसाला मेहकरचं तिकीट काढलं. भला माणूस, हसला. "मेहकरले नेता का, बाई? माही बहीण हाय तिथं, जाईन."

मॅडमना फोन केला. गोळी झोपताना नको, संध्याकाळी साडेसातलाच घ्या म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

सकाळचं जडपण कमी. पोट तसंच. धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज साखरखेर्ड्याला पोहे खाल्ले! हातगाडीवरचे, गरम, तिखट तर्री टाकून नाही – तेवढी हिंमत नाही – पण खाल्ले. सकाळी साडेसात वाजता. परतीच्या सगळ्या वाटेत कान पोटाकडे लावून बसले. काही नाही. दुसऱ्या फेरीत पण नाही.

भगवंतरावांनी विचारलं, "दोन हॉर्न द्याचे का बंद करू?"

"नका करू काका, अजून नका," म्हटलं. बरं झालं म्हणायची भीती वाटते. म्हटलं की पोट ऐकतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गोळ्या कमी भरतात.

थांबवायच्या गोळीचं पाकीट मी या महिन्यात दोनदाच उघडलं. त्यात दोन कमी असायला पाहिजेत. सात कमी आहेत. मुरड्याच्या गोळीच्या पट्टीतूनही चार गेल्या. मी विसरून घेतल्या असतील? झोपेत? ती रात्रीची गोळी डोकं फिरवते का?

मग वाटलं, प्रसेनजित फेकत असतील. अजून राग गेला नसेल. विचारलं. नको होतं विचारायला.

"मी तुही दवाई फेकीन? मी?"

ताटावरून उठून गेले. मेथीची भाजी तशीच. आई खाली मान घालून भाकर कुस्करत राहिल्या, खाल्ली त्यांनीही नाही.

२५ फेब्रुवारी

पोट बिघडलं. अर्थात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मलिहाकडे रात्रीच्या गोळ्या आणायला गेले. ती म्हणाली, "ताई, थांबवायची गोळी कमी करा म्हटलं होतं ना मॅडमनी?"

"केली की. महिनाभरात घेतलीच नाही तुझ्याकडून."

मलिहानं हातातली पट्टी खाली ठेवली. "तुमच्या सासूबाई येऊन गेल्या. दोन डाव. करिष्मासाठी, म्हंजे तुमच्यासाठी पाह्यजे म्हने. मागच्या सोमवारी पण."

स्टँडवर आले. गाडी लागलेली होती. तिकिटं काढली, घंटी मारली, सगळं केलं. आज काय काय केलं ते मात्र आठवत नाही.

१ मार्च, शनिवार

साप्ताहिक सुट्टी. प्रसेनजित दुकानात गेल्यावर आईंजवळ जाऊन बसले. अंगणात तूर पाखडत होत्या.

"आई, मलिहाच्या दुकानात गेल्या होत्या तुम्ही?"

सूप थांबलं नाही. "लय बोलते ते पोरगी."

"गोळ्या कुणासाठी?"

सूप चालूच. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून सुरू हाय."

"दिवसातून किती वेळा?"

"तुह्यापेक्षा जास्त." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मॅडमचे प्रश्न एकेक करून डोक्यात यायला लागले. मी विचारत गेले. मॅडमसारखं शांत राहून विचारायचं ठरवलं होतं, पण एक प्रश्न संपायच्या आत दुसरा निघत होता.

पहाटे उठावं लागतं? "तीन-चार डाव. तुम्ही झोपेल राहता."

रक्त? सूप खाली ठेवलं. "मूळव्याध असन. माह्या मायले पण होती."

वजन? त्यांनी पोलक्याची बाही ओढून दाखवली – शिवण आत घेतलेली, एकदा नाही, दोनदा. हातशिलाई. रोज समोर बसून जेवते मी या बाईच्या. माझ्या स्वतःच्या पोटापलीकडे मला काही दिसलंच नाही चार महिने.

बासष्ट वर्षं वय.

"मला काऊन नाही सांगतलं, आई?" माझ्याही तोंडातून त्यांचीच बोली आली.

"कोन्या तोंडानं सांगू? चार वर्षं तुले नाटकं म्हनली. मंग माह्यंच पोट सुटलं. तुह्या गोळीनं थांबते हे रोज पाहत होती. घेतली एक. थांबलं. वाटलं, चला, कोनाले कळाचं कारन नाही."

"ती गोळी रक्त पडतं तेव्हा घ्यायची नसते."

"मले काय ठाऊक? त्याच्यावर इंग्रजीत लिहेल हाय."

मग सूप पुन्हा हातात घेतलं. "पोराले नको सांगू."

सांगितलं. संध्याकाळीच. आणि सोमवारी घेतलेल्या संशयाची माफीपण मागितली. प्रसेनजित आईकडे बघत म्हणाले, "मूळव्याधच असन. इथंच दाखवू." मी म्हटलं, नाही. बुलढाणा. सोमवारी. एवढं स्पष्ट मी या घरात कधी बोलले नव्हते.

३ मार्च, सोमवार

रजा टाकली. मी आणि आई, दोघी एसटीनं. माझ्याच खात्याच्या गाडीत प्रवासी म्हणून बसले, खिडकीशी. आईंनी विचारलं, "बाईच डाक्टर हाय ना?" हो म्हटलं. "मंग ठीक."

मॅडमनी त्यांना आत घेतलं. पडद्याआडून आवाज येत होता – "आजी, लाजू नका, माझं रोजचंच काम आहे." आई म्हणाल्या, "तुह्यं रोजचं असन, माहा पयला डाव हाय, माय."

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या यांना एकही नाही. आजपासून. तुमचा आजार आणि यांचा सारखा दिसला तरी सारखा धरायचा नाही." रक्त खूप कमी आहे. शुक्रवारी दुर्बिणीनं आतून तपासणी.

"माझ्या गोळ्यांनी वाढलं का?" मी विचारलं.

"वाढलं नाही. झाकलं गेलं."

परत येताना आईंना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर. हलकं. किती हलकं!

६ मार्च, गुरुवार

दुर्बिणीआधी पोट धुवायचं औषध. बाटलीभर पाण्यात कालवून पेला-पेला प्यायचं. आईंनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मीच बनवलंय.

मग दुपारभर ये-जा. मी दारापाशी पाण्याची बादली घेऊन. आणि त्या काळजीनं माझंही पोट सुटलं! घरात संडास एक. आई आत, मी बाहेर वाकून उभी.

"आई, लवकर या हो!"

आतून आवाज – "आता समजलं का? चार वर्षं मी बाहेर उभी राहत होती!"

मी हसले. आतून त्यापण हसत होत्या. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारीण कुंपणावरून बघायला लागली.

चौदा वर्षं झाली लग्नाला आणि आम्ही दोघी एकाच वेळी हसल्याचं हे पहिल्यांदाच –

सोळा. सोळा वर्षं. पोरगीच पंधराची आहे. दमलेय.

७ मार्च, शुक्रवार

झाली दुर्बीण. आईंना काही कळलं नाही, गुंगीत होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "सुरू केलं का?"

मॅडम म्हणाल्या, मूळव्याध आहे. आणि आत, वर, एक गाठ दिसली. तिचा तुकडा घेऊन तपासायला पाठवलाय. आठ दिवस. "रिपोर्ट येईपर्यंत मी काही बोलणार नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका."

प्रसेनजितनं त्यातलं मूळव्याध तेवढं ऐकलं. "म्हटलं होतं ना मी!" रस्ताभर तेच. आईंच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं. मग मीही म्हटलं, असेल. गाठी साध्याही असतात.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. आगारात आम्हा बायांना गुलाबाचं एकेक फूल. प्रत्येक फाट्यावर एकेक संडास दिला असता तर मीच सगळ्यांना गुलाब वाटले असते.

११ मार्च

पोट दोन दिवस वाईट. पुन्हा थांबवायची गोळी, एकच. रात्रीची चालू. मॅडम म्हणाल्या होत्या, काळजीचे दिवस आले की बिघडणार, म्हणजे औषध फुकट गेलं असं समजायचं नाही. समजत नाही. नुसती थकलेय.

भगवंतरावांना सांगितलं आईंचं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग, "माही बायको अशीच होती. शेवटपर्यंत सांगतलं नाही." सहा वर्षांत त्यांनी बायकोचा विषय पहिल्यांदा काढला. साखरखेर्डा आलं.

१३ मार्च, गुरुवार

आईंना लोहाच्या गोळ्या दिल्यात. जेवण थोडं जातंय. आज माझ्या थाळीत पाहून म्हणाल्या, "वीस मिनिटं झाले का तुही गोळी घेऊन?" अजून पाच होती. पाच मिनिटं दोघी ताटं पुढ्यात ठेवून बसलो. त्यांनीही घास उचलला नाही.

वाटतंय, सुटलो. मूळव्याधच असेल. तिचं औषध सोपं असतं. ते झालं की मी पुन्हा माझ्या पोटाकडे बघायला मोकळी.

१९ मार्च, बुधवार

अकोला. दवाखान्याचा तिसरा मजला.

रिपोर्ट शनिवारी आला. कॅन्सर आहे. आतड्यातच आहे, बाहेर गेलेला दिसत नाही म्हणतात. उद्या सकाळी तेवढा भाग कापून काढणार. आईंना मीच सांगितलं, लपवलं नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुही रजा किती दिवसाची हाय?"

मघाशी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आला. प्रसेनजित सही करायला पुढे झाले. आई म्हणाल्या, "तिले करू दे."

मी केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं – सून.